सोडणें आणि जोडणें : होडीच्या लहान यंत्राविषयीं

कोणतेंहि यंत्र खोलून ठेवणें हें फारसें अवघड काम नाहीं. हातीं पाना आणि अंगीं थोडी जिज्ञासा असली, कीं शाळकरी मुलगाहि घटकाभरांत घरांतलें घड्याळ उघडून त्याचे सारे अवयव चटईवर मांडून दाखवितो. खरी परीक्षा पुढें असते. जें सुटें केलें तें पुन्हां एकजीव करावयाचें, आणि तें असें कीं यंत्र पूर्वीइतकें, किंबहुना पूर्वीपेक्षां चांगलें चालावें, ही विद्या निराळी आहे. यंत्रांबरोबर येणाऱ्या पुस्तिका खोलण्याच्या कृतीला पानेंच्या पानें देतात आणि जोडण्याची वेळ आली म्हणजे पुष्कळदां एका वाक्यांत मोकळ्या होतात : जोडणी उलट क्रमानें करावी. हें वाक्य खोटें नाहीं. पण तें अर्धेंच खरें आहे. उरलेलें अर्धें कोणतें, हें होडीच्या मागें बसविण्याच्या लहान आउटबोर्ड यंत्राच्या उदाहरणानें वाचकांपुढें मांडावें असा आमचा विचार आहे.

विषय कित्येकांना परका वाटेल. परंतु कोंकणांतील खाडीकांठच्या गांवांत हें यंत्र आतां घरच्या वस्तूसारखें झालें आहे. मालवण, देवबाग, तारकर्ली या बाजूला मासेमारीच्या लहान होड्यांना तें लागतें, पाहुण्यांना खाडी दाखविणाऱ्या होड्यांनाहि लागतें. आणि ज्यांच्या घरीं आपलीं म्हणून एकदोन खोल्या प्रवाशांसाठीं राखलेल्या असतात, अशा सुशिक्षित कुटुंबांच्या पडवींतहि पावसाळ्यांत असें एखादें यंत्र लांकडी घोडीवर टांगलेलें दिसतें. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळांत यंत्रचलित होड्यांच्या मासेमारीस बंदी असते. समुद्र खवळलेला, होडी शाकारलेली, आणि माणसें घरीं. यंत्राच्या वार्षिक निगेचा हाच काळ. नारळी पौर्णिमेपूर्वीं तें पुन्हां जोडून तयार असलें पाहिजे.

प्रथम यंत्राची थोडी ओळख करून घेऊं. होडीच्या बाहेर, मागच्या फळीला अडकविण्याचें यंत्र म्हणून त्याला आउटबोर्ड म्हणतात. कॅमेरॉन वॉटरमन या गृहस्थाला अशा यंत्राचें पेटंट १९०७ सालीं मिळालें. परंतु त्याला घरोघर पोंचविण्याचें श्रेय नॉर्वेंत १८७७ सालीं जन्मलेल्या आणि लहानपणींच अमेरिकेस गेलेल्या ओले एव्हिनरूड यांस देतात. सरोवराकांठच्या वनभोजनांत भावी पत्नीला आइस्क्रीमची इच्छा झाली, हे वल्हीं मारीत तें आणावयास गेले, आणि परत येईपर्यंत तें वितळून गेलें. त्या दमछाकींतून यंत्राची कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. १९०९ सालीं त्यांनीं विकावयास काढलेलें यंत्र दीड अश्वशक्तीचें असून त्याचें वजन ६२ पौंड होतें. व्यवसायाची कागदोपत्रीं बाजू व जाहिराती त्यांच्या पत्नी बेस यांनीं संभाळल्या, ही गोष्ट आमच्या वाचक भगिनींनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. एव्हिनरूड नांवाच्या यंत्रांचें उत्पादन २०२० सालीं बंद झालें; पण रचनेचा सांगाडा आजहि तोच आहे.

तो सांगाडा असा. माथ्यावर इंजिन, त्याच्यापासून खालीं जाणारा उभा दांडा, तळाशीं दंतचक्रांचें घर, जेथें उभी गति आडवी होते, आणि शेवटीं पाणी कापणारा पंखा. दंतचक्रांच्या घरावर एक लहानसा पंप बसविलेला असतो. त्यांत रबरी पाकळ्यांचें एक चक्र, ज्याला इम्पेलर म्हणतात, उभ्या दांड्याबरोबरच फिरतें आणि खाडींतलें पाणी वर चढवून इंजिनाला थंड ठेवतें. सारांश, ज्या पाण्यावर होडी तरंगते तेंच पाणी यंत्राचा प्राण राखतें.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. आम्हीं जन्मभर मुलांना संस्कृत शिकविलें. वेदपाठाची जी परंपरा आपल्याकडे आहे, तींत जटापाठ नांवाची एक रीति आहे. दोन पदें प्रथम सरळ म्हणावयाचीं, मग उलट म्हणावयाचीं, आणि पुन्हां सरळ म्हणावयाचीं. यांत हेतु हा, कीं एकहि पद गळूं नये किंवा जागा सोडूं नये. यंत्र खोलणारानेंहि असाच अभ्यास करावा असें आम्हांस वाटतें. जो भाग काढला तो खालीं ठेवण्यापूर्वीं एकदां जागेवर बसवून पाहावा आणि मग पुन्हां काढावा. हात एकदां उलट वाट चालला म्हणजे महिन्याभरानें ती वाट त्याला आठवते.

स्मरणावर मात्र सर्व भार टाकूं नये. एका जाड पुठ्ठ्यावर यंत्राच्या झांकणाची आकृति काढावी, जेथें जो बोल्ट होता तेथें भोंक पाडून तो त्यांत खोंचावा. एका झांकणाचे सर्व बोल्ट सारख्या लांबीचे असतातच असें नाहीं. लांब बोल्ट आंखूड भोंकांत घातला, तर तो तळाला टेकतो. आपणांस वाटतें घट्ट झाला, पण झांकण सैलच राहतें. आणि आणखी जोर केला तर अल्युमिनियमचें ओतीव घर तडकतें. हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत फोन असतो. प्रत्येक पायरीचें छायाचित्र घेऊन ठेवण्यास कांहींच खर्च येत नाहीं. पण छायाचित्र वस्तु कोठें होती एवढेंच सांगतें, ती तेथें कां होती हें सांगत नाहीं. आणि जेथें 'कां' हें कळल्यावांचून चालत नाहीं, अशा तीन जागा या यंत्रांत आहेत. तेथें नुसता उलट क्रम उपयोगी पडत नाहीं.

पहिली जागा पंपाची. जुना इम्पेलर काढतांना त्याच्या पाकळ्या एका बाजूस वांकलेल्या दिसतात. नवा बसवितांना त्याच्या पाकळ्या सरळ असतात, आणि पंपाची वाटी तर त्याच्यापेक्षां अरुंद. पाकळ्या फिरण्याच्या दिशेच्या मागें झुकल्या पाहिजेत. बहुतेक यंत्रांत उभा दांडा वरून पाहिल्यास घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरतो. म्हणून वाटी खालीं दाबतांना दांडा त्याच दिशेनें हळूहळू फिरवीत राहावें, म्हणजे पाकळ्या आपोआप योग्य बाजूस निजतात. वाटीच्या आंत साबणाचें पाणी किंवा ग्लिसरीन लावावें. दांडा आणि इम्पेलर यांना जोडणारी एक इवलीशी चावी असते. ती बसवितांना निसटून पडते, म्हणून तेवढी ग्रीसच्या ठिपक्यानें चिकटवावी.

येथें एक महत्त्वाची सूचना. जुन्या इम्पेलरची एखादी पाकळी तुटलेली आढळली, तर नवा बसवून स्वस्थ बसूं नये. तुटलेला तुकडा कोठें आहे ? तो बाहेर पडला नसेल, तर पाण्याबरोबर वर चढून एखाद्या अरुंद वाटेंत अडकलेला असेल. तो शोधून काढल्याखेरीज नवा पंपहि इंजिनाला पाणी पोंचवूं शकणार नाहीं. जें मोडलें तें बदललें म्हणजे काम संपलें असें नव्हे. मोडलेलें गेलें कोठें, हेंहि पाहावें लागतें.

दुसरी जागा तेलाची. दंतचक्रांच्या घराला दोन स्क्रू असतात, एक खालीं व एक वर. जुनें तेल काढतांना दोन्ही उघडावे लागतात, म्हणजे वरून हवा येते आणि तेल खालून गळतें. उलट क्रमाचा नियम शब्दशः पाळणारा मनुष्य नवें तेल वरच्या भोंकांतून ओततो आणि फसतो. गियर ऑईल दाट असतें. तें वरून ओतलें, तर आंतली हवा खालीं कोंडते. घर भरल्यासारखें दिसतें, पण पुरें भरलेलें नसतें. म्हणून तेल खालच्या भोंकांतून दाबून भरावयाचें; हवा वरून निघून जाते, आणि वरच्या भोंकांतून तेलाची धार बुडबुड्यांवांचून येऊं लागली म्हणजे भरणें पुरें झालें. मग आधीं वरचा स्क्रू लावावा, आणि त्यानंतर तेलाची नळी काढून झटकन खालचा लावावा. वर बंद असल्यानें तेवढ्या क्षणांत तेल फारसें गळत नाहीं. दोन्ही स्क्रूंचे वायसर नवेच घालावे.

जुन्या तेलाकडेहि डोळसपणें पाहावें. तें दुधासारखें पांढुरकें असेल, तर आंत पाणी शिरतें आहे, म्हणजे कोठें तरी सील गेलें आहे. बहुधा पंख्याच्या मागें दांड्याला तंगूस गुंडाळला जातो आणि तोच सील कापतो. अशा वेळीं नवें तेल भरणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें होय. आणखी एक सांगावयाचें, तें असें. कांहीं जुन्या यंत्रांत खालच्या तेलाच्या स्क्रूजवळच फुलीच्या खांचेचा आणखी एक स्क्रू असतो. तो तेलाचा नव्हे. आंतल्या गियर बदलण्याच्या खटक्याला तो धरून असतो. तो काढला, कीं खटका जागा सोडतो आणि अर्ध्या तासाचें काम दोन दिवसांवर जातें. ज्याचें प्रयोजन ठाऊक नाहीं त्याला पाना लावूं नये.

तिसरी जागा वरचा आणि खालचा भाग जुळविण्याची. दंतचक्रांचें घर पुन्हां वर चढवितांना तीन गोष्टी एकाच वेळीं आपापल्या जागीं गेल्या पाहिजेत : उभ्या दांड्याचा दांतेरी माथा इंजिनाच्या खोबणींत, वरून येणारी पाण्याची नळी पंपाच्या रबरी तोंडांत, आणि गियरचा दांडा त्याच्या जोडांत. यांतील नळी मोठी फसवी आहे. ती तोंडांत न जातां बाजूस वांकली, तरी बोल्ट लागतात, इंजिन सुरू होतें, आवाजहि नेहमींचाच येतो. फक्त पाणी वर जात नाहीं. म्हणून घर चढवितांना एकानें ढकलावें आणि दुसऱ्यानें दिवा धरून नळीकडे पाहावें.

दांड्याच्या दांत्यांना ग्रीस लावावें, पण माथ्याच्या सपाट टोंकावर लावूं नये. तेथें राहिलेला गोळा खोबणींत कोंडतो आणि दांड्याला पुरतें वर जाऊं देत नाहीं. दांते जुळत नसले, तर वरचें फ्लायव्हील हातानें किंचित् फिरवावें, तेंहि नेहमींच्या दिशेनेंच. उलट फिरविल्यास इम्पेलरच्या पाकळ्या दुमडतात. फिरविण्यापूर्वीं प्लगची तार काढून ठेवावी, म्हणजे यंत्र अवचित सुरू होऊन हाताला इजा होणार नाहीं. सर्वांत मोठा मोह बोल्ट आवळून घर ओढून घेण्याचा होतो. तो कटाक्षानें टाळावा. नीट जुळलेलें घर हाताच्या दाबानें शेवटपर्यंत वर जातें. बोल्टांचें काम तें धरून ठेवण्याचें आहे, ओढून आणण्याचें नव्हे. विवाहाच्या जुळणीलाहि हा न्याय लागू पडतो असें एखादी अनुभवी आजीबाई म्हणेल, आणि तिचें म्हणणें आम्ही खोडून काढणार नाहीं.

या तीन जागा संभाळल्या म्हणजे उरलें काम बारीकसारीक. पण बारीक वस्तूच येथें मोठ्या असतात. स्पार्क प्लग प्रथम बोटांनींच फिरवून बसवावा. अल्युमिनियमच्या माथ्यांत पोलादी प्लग तिरपा शिरला आणि त्यावर पाना चालविला, तर आटे कायमचे जातात. बोल्टांच्या आट्यांना खाऱ्या पाण्यास टिकणारें ग्रीस लावावें; अल्युमिनियम आणि पोलाद खाऱ्या पाण्यांत एकत्र आले कीं एकमेकांना धरून बसतात, आणि पुढच्या वर्षीं बोल्ट निघण्याऐवजीं तुटतो. पंखा बसवितांना त्याच्या मागची जाड चकती विसरूं नये, आणि नट अडविणारी कॉटर पिन जुनी सरळ करून पुन्हां वापरूं नये. एकदां वांकलेली पिन दुसऱ्यानें वांकविली म्हणजे तुटावयास टेकते. आणि ती गेली कीं नट जातो, नट गेला कीं पंखा खाडीच्या तळाशीं.

फार लहान यंत्रांत पंखा आणि दांडा यांच्यामध्यें एक मऊ धातूची आडवी पिन असते. खडकावर पंखा आपटला कीं ही पिन तुटते. पुष्कळांना हा यंत्राचा दोष वाटतो आणि ते तिच्या जागीं पोलादी खिळा ठोकतात. वास्तविक ती तुटावी म्हणूनच तिची योजना आहे. ती तुटली म्हणजे दंतचक्रें वांचलीं. खिळा तुटणार नाहीं हें खरें. पण मग दांते तुटतील. म्हणून होडींत दोन जास्त पिना आणि एक पक्कड नेहमीं असावी.

याच जातीचा दुसरा सेवक म्हणजे यंत्राच्या पाण्यांतील भागाला लावलेला जस्ताचा तुकडा. हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञानें १८२४ सालीं दाखवून दिलें, कीं जहाजाच्या तांब्याच्या पत्र्याला जस्त किंवा लोखंड जोडल्यास समुद्राचें पाणी तांब्याला सोडून तेंच झिजवितें. यंत्रावरील जस्त असेंच स्वतः झिजून अल्युमिनियमला वांचवितें. कांहीं हौशी मंडळी निगेच्या अखेरीस सगळ्या यंत्राला रंग देतांना त्या तुकड्यालाहि रंग फांसतात. रंगानें तो पाण्यापासून तुटतो आणि त्याचें व्रत बंद पडतें. अर्ध्याहून अधिक झिजलेला तुकडा बदलावा. पण कधीं रंगवूं नये.

सर्व जोडून झालें आणि चटईवर एक वायसर उरला, तर काय करावें ? आमच्या समाजांत अशा वेळीं हंसून तो वायसर डबींत टाकण्याची चाल आहे. 'एवढ्यानें काय अडतें' हें वाक्य आपण जितक्या सहजपणें उच्चारतों तितकें दुसरें कोणतेंहि उच्चारीत नसूं. उरलेला वायसर हा एक प्रश्न आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत यंत्र जोडलेलें आहे असें म्हणतां येत नाहीं. श्लोकाचा अन्वय लावून झाल्यावर एक पद उरलें, तर विद्यार्थ्याला आपण 'राहूं दे' म्हणत नाहीं. अन्वय पुन्हां लावावयास सांगतों. येथेंहि पुन्हां खोलावें, हेंच शास्त्र.

शेवटीं परीक्षा. यंत्र कोरडें चालवून पाहूं नये. पाण्यावांचून रबरी इम्पेलर अगदीं थोड्या वेळांत जळतो आणि सर्व श्रम वायां जातात. मोठ्या पिंपांत गोडें पाणी भरून, पंख्याच्या वरची आडवी पट्टी बुडेल इतकें खोल यंत्र ठेवावें, आणि पिंप उघड्यावर ठेवावें. बंद खोलींत धूर प्राणघातक ठरतो. अशा चाचणीपुरता पंखा काढून ठेवणें बरें. यंत्र सुरू होतांच आवाजाकडे कान देण्यापूर्वीं बाजूच्या लहान छिद्राकडे डोळे लावावे. तेथून पाण्याची धार उडूं लागली, तर पंप, नळी आणि वाटा ठीक आहेत. न उडाल्यास तत्काळ बंद करावें. नंतर खाडींतल्या शांत पाण्यांत, वल्हीं व नांगर बरोबर घेऊन, तासभर फिरून यावें; परत आल्यावर सर्व बोल्ट पुन्हां तपासावे.

एवढा खटाटोप कशाकरितां, असें कोणी विचारील. खाडीचें मुख ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना हें सांगावयास नको. नदी आणि समुद्र जेथें भेटतात तेथें वाळूचा बांध असतो, त्यावर लाटा फुटतात, आणि ओहोटीच्या वेळीं आंतलें पाणी बाहेर ओढतें. होडीचें तोंड लाटेकडे असेतोंवर भय थोडें. पण नेमकें तेथें यंत्र बंद पडलें, तर होडी आडवी होते, आणि आडव्या होडीला पुढची लाट उलथून टाकते. त्या क्षणीं होडींत असतो तो बहुधा यंत्र जोडणारा नसतो. तो कोणाचा तरी मुलगा असतो, किंवा मुंबईहून चार दिवस आलेली, समुद्राशीं ओळख नसलेली मंडळी असतात. पडवींत बसून पाना चालविणाऱ्याच्या हातीं त्यांचे प्राण असतात, आणि त्यांना त्याचें नांवहि ठाऊक नसतें.

म्हणून या कामाला हलकें समजण्याची जी वृत्ति आपल्या पांढरपेशा घरांत अजून कोठें कोठें शिल्लक आहे, ती सोडली पाहिजे. बंदरावरचा मिस्त्री पुस्तिका वाचीत नसेल. पण धार पाहून, तेल बोटांवर चोळून तो जें निदान करतो, तें पुष्कळ वर्षांच्या अध्ययनाचें फळ असतें. त्याच्या शेजारीं बसून शिकण्यांत आपणांस कमीपणा नाहीं. आणि एकत्र कुटुंबाची या कामीं एक मोठी सोय आहे. वडील माणसानें पुस्तिका मोठ्यानें वाचावी, तरुणानें हात चालवावे, मुलांनीं पुठ्ठ्यावरचे बोल्ट मोजून द्यावे, आणि प्रत्येक पायरी झाल्यावर करणारानें ती उलट म्हणून दाखवावी. एकाच्या नजरेंतून सुटलेलें दुसऱ्याच्या नजरेंत सांपडतें. पावसाची झड लागली असतां एक दुपार अशी घालवून पाहावी. श्रावणांत होडी पाण्यांत उतरेल तेव्हां पुठ्ठ्यावरचीं भोंकें रिकामीं आणि चटई स्वच्छ असली, म्हणजे निश्चिंत मनानें नारळ सोडावा.